एका पाठीपुरती जीप

आयुष्यात मी एकदाच आजारी माणसाचं सोंग घेतलं, आणि तेही भर दिवसा, उघड्या जीपमध्ये फळीवर आडवी पडून, सगळ्या वाडीच्या डोळ्यांदेखत. मी तेव्हा वाडीखालच्या शाळेत शिकवत होते. शाळेच्या बाईंनी असं जीपमध्ये पाय पसरून पडावं आणि नवऱ्यानं तिला हौसेनं खड्ड्याखड्ड्यांतून फिरवावं, हे बघून बायकांनी तोंडाला पदर लावले. एकीनं तर विचारलंच, "मास्तरीणबाय, उतारा टाकायला चाललाव काय गो?" मी पडल्या पडल्या म्हटलं, "तुझ्यावरूनच ओवाळून टाकणार आहोत, तिथंच उभी राहा." सगळ्या हसल्या. मीही हसले, पण माझं लक्ष पाठीकडे होतं. कुठे हादरा बसला, कमरेत की मणक्यात, वरून की बाजूनं, हे मला ओरडून सांगायचं होतं आणि पुढे जीप चालवणारे माझे यजमान ते ऐकायला कान टवकारून बसले होते.

पाठ माझी होती, पण सोंग माझ्या थोरल्या दिरांचं होतं. त्यांना मी भावोजी म्हणायची. आईबाप लवकर गेल्यावर भावोजींनीच धाकट्या भावाला वाढवलं. स्वतः एकट्यानं नांगर धरला आणि ह्यांना मुंबईला एका गॅरेजात काम शिकायला पाठवलं. हे मोटारीचे डॉक्टर झाले ते थोरल्याच्या जिवावर. पुढे लष्करानं लिलावात काढलेली एक जीप घेऊन हे पोलादपूरला परत आले आणि घाटाखालून महाडपर्यंत माणसं, पोती, कोंबड्या, जे मिळेल ते वाहू लागले. माझं माहेर तुडीलचं, सावित्रीच्या काठचं. तिथली वाट सपाट. लग्न होऊन मी आंबेनळी घाटाच्या अंगावरच्या ह्या वाडीत आले तेव्हा पहिल्या आठवड्यातच पोटऱ्या सुजल्या होत्या. तेव्हा भावोजींनी जाऊबाईंमार्फत निरोप दिला होता की मास्तरीणबाईला म्हणावं, डोंगर चढायचा नसतो, त्याच्यासंगं बोलत बोलत जायचं असतं. धाकट्याच्या बायकोशी थोरल्यानं समोरासमोर बोलायची तेव्हा पद्धत नव्हती. पण मला चिडवण्यात त्या पद्धतीनं त्यांना कधी अडवलं नाही.

आमच्याकडे भाताचं रोप टाकण्याआधी जमीन भाजतात. त्यासाठी माघात ऐनाच्या, किंजळीच्या झाडांवर चढून फांद्या तोडायच्या, वाळवायच्या आणि राबावर, म्हणजे रोपाच्या जागेवर, पसरून जाळायच्या. भावोजी ऐनावर माकडासारखे चढत. त्या वर्षी पायाखालची फांदी कडकन मोडली आणि ते खालच्या बांधावर पाठीवर पडले. शुद्ध गेली नाही. "पाय कुठं गेले रे माझे?" असं त्यांनी उचलायला आलेल्यांना विचारलं. पाय जागच्या जागी होते, पण त्यांचे राहिले नव्हते.

पोलादपूरचे डॉक्टर चढ चढून वाडीत आले. त्यांनी भावोजींना फळीवर सरळ झोपवलं, टाचणी टोचून पाहिली आणि मग म्हणाले, "डाव्या पायाचा अंगठा हलवा बघू." आम्ही सगळे त्या अंगठ्याकडे बघत राहिलो. बराच वेळ काही झालं नाही, आणि मग तो हलला. अगदी एवढासा, पण हलला. डॉक्टर म्हणाले, "मणका दुखावलाय, पण आतली तार पुरती तुटलेली नाही. हा अंगठा हलतोय तोवर मला आशा आहे. काही दिवस असंच सपाट राहू द्या. सूज उतरली की महाडला आणा, तिथं हाडांची माहिती असलेले डॉक्टर आहेत, ते प्लास्टर घालतील. पण वाटेत एक हादरा बसता कामा नये. आणि डोली तर मुळीच नको."

डोली नको, हे वाडीला पटणं कठीण होतं. आमच्याकडे माणूस आजारी पडला की बांबूला घोंगडी बांधून त्यात घालायचा आणि खांद्यावरून खाली न्यायचा. त्याला प्रत्येक घरातून एक माणूस जातो. बोलावणं करायचं नसतं. भांडण असलं, बोलणं बंद असलं, तरी त्या सकाळी उंबऱ्याबाहेर येऊन उभं राहायचं. ज्या घरचा माणूस येत नाही त्या घराला वाडी विसरत नाही. भावोजी तर कुठली डोली चुकवलेला माणूसच नव्हे. त्यांचा उजवा खांदा डोलीच्या बांबूनं घट्टा पडून काळा झाला होता. पण घोंगडीत माणूस वाकतो, पोरासारखा गोळा होतो. फळीवर न्यावा तर त्या उतारावर चार खांदे चार उंचीचे, फळी तिरपी होणार. म्हणून डॉक्टर नको म्हणाले. आमच्या ह्यांनी वाडीला सांगून टाकलं, "दादाला मी जीपनंच नेणार."

जीप वाडीपर्यंत येत होती, कारण तो रस्ता वाडीनंच श्रमदानानं काढला होता. पण ती जीप म्हणजे लष्कराचं जनावर. तिच्या चाकांवरचे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या, तोफा ओढायला बनवलेल्या, मऊपणा त्यांच्या गावीही नव्हता. पोलादपूर ते महाड जाऊन आलं की दात जागेवर आहेत का ते जिभेनं चाचपून बघावं लागे. हे तिच्याभोवती दोन दिवस फिरले. मग मुंबईला जाऊन आले आणि येताना गोणपाटात गुंडाळलेल्या चार जाड नळ्या घेऊन आले. मी विचारलं, "ह्या कसल्या?"

"शॉक अ‍ॅब्सॉर्बर," हे म्हणाले. "जुन्या जीपला हायेत ते मेलेत. हे परदेशी गाडीचे हायेत, पिळून मऊ-कडक करता येतात."

मला कळेना. मग त्यांनी घराचं दार उघडलं, जोरात ढकललं आणि आपटायच्या आत त्याला तळहात लावून सावकाश टेकवलं. "पाटा म्हणजे हे दार. धक्का बसला की आपटणार. शॉक म्हणजे हा हात. आत तेल हाय, ते बारीक भोकातून जातं, म्हणून दार सावकाश लागतं. भोक बारीक केलं की हात कडक, मोठं केलं की मऊ. समजलं, बाई?" मला बाई म्हणत तेव्हा ते खुशीत असत. अपघातानंतर ते पहिल्यांदाच मला बाई म्हणाले.

त्या नळ्या दुसऱ्या गाडीच्या. लांबी जुळेना, भोकं जुळेनात. महाडच्या एका लोहाराकडून बैलगाडीच्या चाकाच्या लोखंडी धावेचे तुकडे वाकवून त्यांनी धरायचे कान करून घेतले. मागच्या दोन्ही बाजूंचा एकेक पाटाही काढून टाकला. एवढ्या पाट्यांची गरज ओझ्याला, आपल्याला ओझं न्यायचंच नाही, असं ते म्हणाले. ते काढलेले पाटे पोलादपूरला, जिथं जीप लावायचे तिथंच राहिले. पुढची चालकाशेजारची बसायची जागा आणि मागची बाकं काढली आणि पुढून मागेपर्यंत आडवं होता येईल अशी सागाची फळी बसवली, वर पेंढा, वर गोधडी.

मग माझी पाळी आली. फळीवर मी, उशाशी जाऊबाई आणि पायथ्याशी भाताचं एक पोतं. ते पोतं म्हणजे मी, कारण भावोजींना नेतील त्या दिवशी मी पायथ्याशी बसणार होते. माझ्या वजनाचं पोतं निवडताना ह्यांनी चांगलंच टम्म पोतं निवडलं, म्हणून त्या संध्याकाळी मी त्यांना भाकरी वाढली पण बोलले नाही. रोज शाळा सुटली की आमची ही वरात निघे. वाडीतून खाली, घाटरस्त्यानं थोडं पुढे, आणि परत. मी ओरडायची, "कमरेत!" की हे थांबत, जीपखाली शिरत, नळी एका टोकानं सोडवत, पूर्ण दाबून धरून पिळत, पुन्हा अडकवत. अंगभर माती आणि तेल. पुन्हा तीच वाट. घाटरस्त्यावर एका मोरीपाशी रस्ता पावसाळ्यात खचला होता, तिथं पहिल्या दिवशी माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. दुसऱ्या दिवशी कमी. पुढे पुढे नुसता पाण्यातल्या होडीसारखा हेलकावा यायचा. जाऊबाई म्हणायच्या, "नीट सांग हा गो. लाजू नको. दुखतंय तर दुखतंय सांग." त्या दिवसांत माझ्या पाठीला घरात फार मान होता.

आणि सकाळी उठल्यावर पहिलं काम अंगठा. जाऊबाई भावोजींच्या पायांवर पांघरूण घालत, पण डाव्या पायाचा अंगठा तेवढा बाहेर ठेवत. हे उंबऱ्यातून आत येत आणि म्हणत, "दादा, हलव." अंगठा हले. मग चूल पेटे, मग चहा, मग बाकीचं जग. एकदा भावोजींनी मुद्दाम हलवलाच नाही. ह्यांचा चेहरा पांढरा पडला तेव्हा गडगडून हसले आणि दोनदा हलवला. जाऊबाईंनी त्यांना ज्या शिव्या घातल्या त्या मी इथं लिहू शकत नाही.

शेवटच्या फेरीला मला त्या फळीवर चक्क झोप लागली. मोरी कधी गेली ते कळलं नाही. जाग आली ती ह्यांनी गालावर थोपटलं तेव्हा. "झोपलीस?" असं त्यांनी विचारलं, आणि मग वळून दगडावर बसले आणि दोन्ही तेलकट हातांनी तोंड झाकून घेतलं. लग्नानंतर मी त्यांना प्रथमच रडताना पाहत होते, आणि ते आनंदाचं रडणं होतं. मला त्या वेळी इतकं बरं वाटलं की आजही तो क्षण आठवला की आधी बरं वाटतं, आणि मग पुढचं आठवतं.

तोवर शिमगा आला. एरवी आमच्या वाडीत म्हातारे, बाया आणि पोरं. कर्ते पुरुष सगळे मुंबईला. पण शिमग्याला पालखी नाचवायला एकूण एक चाकरमानी घरी येतो. प्रत्येक घरात धडधाकट गडी होता. भावोजी पडल्याची बातमी त्यांना मुंबईतच लागली होती. आल्या आल्या ते भेटायला आले आणि म्हणाले, "आमी खांद्यावर नेतो दादाला. जीप कशाला?" ह्यांनी डॉक्टरांचं सांगितलं. ते ऐकून घेतलं, पण मानी माणसं, मनाला लागलंच. ज्या माणसानं आपल्या आईबापाला खांद्यावरून नेलं त्याला आपल्या खांद्याची गरज नाही, असं त्यांना वाटलं. मोटारवाला झाल्यापासून धाकट्याला वाडी नको झाली, असंही कुणी बोललं. ते जाऊबाईंच्या कानावर आलं. ह्यांच्याही आलं.

निघायच्या सकाळी आम्ही भावोजींना फळीसकट उचलून जीपमध्ये ठेवलं. ह्यांनी विचारलं, "दादा?" अंगठा हलला. मी पायथ्याशी बसले, जाऊबाई उशाशी. आणि मागे बघते तर प्रत्येक घरचा एक माणूस येऊन उभा होता. कुणाच्या डोक्याला फेटा, कुणी मुंबईची पँट घातलेली, एकाच्या हातात वाटेसाठी भाकऱ्यांचं फडकं. खांद्याला नाही तर नाही, पण सोबत तरी जायचंच, असं ते ठरवूनच आले होते. कुणी मागच्या दांड्यावर चढला, कुणी बाजूला लोंबकळला, दोघं पुढच्या चाकांवरच्या पत्र्यावर बसले. जीपचं ढुंगण खाली बसलं ते मला बसल्या जागी कळलं.

हे खाली उतरले. "उतरा बाबांनो. ही एका माणसापुरती मऊ केलीय. एवढं वजन नाय झेपायचं."

एक जण म्हणाला, "अरे, एरवी बाजाराला पंधरा माणसं घेतोस की."

"तेव्हा पाटे होते. पाटे काढलेत मी."

"मग शॉकप कडक कर. मुंबईत बघितलंय मी, पिळला की होतो."

"तो कडक करीन, पण काढलेला पाटा आता इथं कुठून आणू?" ह्यांचा आवाज चढला. समोरच्यांचाही चढला. कुणीतरी म्हणालं, "तुज्या दादाला खांदा द्यायला आमी नालायक, आता संगं यायला बी नालायक काय?" जाऊबाई पदरात तोंड घालून बसल्या. मला वाटत होतं खाली उतरून एकेकाला हाताला धरून ओढून काढावं. मास्तरीण होते, आवाज होता, आणि रागही भरपूर होता. मी तोंड उघडलंही.

तेवढ्यात फळीवरून भावोजी बोलले. "येऊ दे त्यांना."

हे म्हणाले, "दादा, अरे, पण..."

"येऊ दे म्हणतो ना. मी कुणाच्या संगं गेलो नाय असं झालंय काय कंदी? आता माझ्या वेळंला त्यांना खाली उतरवू?" मग म्हणाले, "खराब जागेला उतरतील ते. काय रे?"

सगळे एकदम हो म्हणाले. आणि खरंच, त्यांनी शब्द पाळला. वाडीचा रस्ता त्यांनी स्वतःच्या हातांनी काढलेला, त्यातला दगड न् दगड त्यांच्या ओळखीचा. प्रत्येक वाईट जागी ते न सांगता खाली उड्या टाकत, जीपला हातांनी धरून सावरत आणि चांगल्या जागी पुन्हा चढत. भावोजी अधूनमधून विनोद करत होते. एकाला म्हणाले, "तुज्या बापाला न्हेलं तवा खिंडीत त्यानं मला विचारलेलं, बिडी हाय काय." सगळे हसले. मी मात्र अंगठ्यावरची नजर काढली नव्हती.

खाली घाटरस्ता लागला. सरकारी रस्ता, खडी घातलेला, म्हणून सगळे निवांत होऊन बसले. मोरी आली. ह्यांना ती पाठ होती, पण सकाळच्या बोलाचालीनंतर पुन्हा 'उतरा' म्हणायला ते धजले नसावेत. त्यांनी जीप हळू केली, माझ्या वेळी जेवढी हळू करत तेवढीच, किंबहुना जास्तच. पण माझ्या वेळी मागच्या दांड्यावर माणसं नव्हती. जीप आधीच खाली बसलेली होती, आणखी खाली जायला तिला जागाच उरली नव्हती. धाड असा आवाज झाला, लोखंडावर लोखंड. फळी उचलली गेली आणि पडली. माझे दात एकमेकांवर आपटून जीभ चावली, तोंडात रक्ताची चव आली.

भावोजी ओरडले नाहीत. त्यांनी डोळे मिटले आणि उघडले. हे मागे वळून बघत होते. भावोजी म्हणाले, "बरा हाय मी. चल रे."

मी पांघरूण पायांवर पुढे ओढलं. अंगठाही झाकून टाकला. का झाकला, हे मला तेव्हाही नेमकं सांगता आलं नसतं. मला बघायचं नव्हतं, एवढंच.

महाडात चवदार तळ्यावर माणसं जमायचे ते दिवस होते. पांढऱ्या कपड्यांतली माणसं दूरदूरच्या गावांहून चालत येत होती, रस्ता भरून गेला होता. आमची जीप बघून त्यांनी आपणहून वाट करून दिली. दवाखान्याच्या दारात आमच्याच माणसांनी फळी खाली घेतली. इतकी सांभाळून घेतली की बघणाऱ्याला वाटावं, काचेची आहे. मग ते सगळे भिंतीला टेकून ओळीनं बसले.

आत डॉक्टरांनी पांघरूण काढलं. म्हणाले, "अंगठा हलवा."

अंगठा तसाच राहिला.

"हलवा," डॉक्टर पुन्हा म्हणाले.

भावोजी त्यांच्याकडे बघून हसले. "हलवतोय की, डॉक्टर. दिसत नाय काय?"

जाऊबाईंनी माझा दंड धरला होता, त्यांची नखं रुतली. आम्हा सगळ्यांचे चेहरे बघून भावोजींच्या तोंडावरचं हसू हळूहळू मावळत गेलं. त्यांनी मान उचलून पायांकडे बघायचा प्रयत्न केला, पण डॉक्टरांनी त्यांच्या कपाळावर हात ठेवला. डॉक्टरांनी ह्यांना विचारलं, "वाटेत काही झालं का?" हे बाहेर गेले. बाहेर बसलेली माणसं एकदम उठली. "पोचला ना रे नीट?" त्यांनी विचारलं. हे म्हणाले, "पोचला." ती माणसं खूष झाली. एकानं ह्यांना शहाळं फोडून दिलं आणि ह्यांनी ते सगळं पाणी उभ्या उभ्या पिऊन टाकलं.

प्लास्टर घातलं. मुंबईलाही नेलं. अंगठा पुन्हा हलला नाही. मी आजवर अनेक डॉक्टरांना विचारलंय की तो धक्का बसला नसता तर काय झालं असतं. कुणी म्हणतं, चालले असते. कुणी म्हणतं, काही सांगता येत नाही, सूज आपोआपही वाढते. मला मात्र ठाऊक आहे की सकाळी तो हलला होता.

पावसाआधी भावोजींना घरी आणायचं ठरलं. ह्यांनी पुन्हा जीपखाली शिरून शॉक आणखी मऊ केले, फळी बसवली, पेंढा घातला. दवाखान्याच्या दारात भावोजी ते बघत होते. म्हणाले, "कशाला येवढा खटाटोप करतोस? आता कडक ठेवलेस तरी चालतील रे. माज्याच्यानं काय कळायचं नाय."

हे जीपखालीच होते. बराच वेळ बाहेर आले नाहीत.

त्या परतीच्या वाटेवर वाडीच्या खाली भावोजींनी जीप थांबवायला लावली. आम्ही चौघंच होतो. ते म्हणाले, "मोरीचं वाडीत काय बोलायचं नाय. कुणी बी नाय." आणि मग पद्धत मोडून थेट माझ्याकडे बघत म्हणाले, "मास्तरीणबाय, तुमी तर नायच नाय. तुमच्या तोंडाला धार हाय."

मी विचारलं, "का नाही? त्यांना कळायला नको?" मी त्यांच्याशी समोरासमोर बोललेलं ते पहिलं वाक्य.

"कळलं तर पुढल्या डोलीला कोण यायचा नाय," ते म्हणाले. "प्रत्येक जण म्हणंल, माज्यानं वाईट व्हायचं, मी घरीच बसतो. मग कुणाची म्हातारी एकटी खाली जाईल?"

आम्ही बोललो नाही. पण ते गप्प राहणं फार महाग पडलं, माझ्या स्वभावाला तर फारच. दर शिमग्याला ती माणसं येत, भावोजींच्या खाटेभोवती बसत आणि नव्या सुनांना, जावयांना सांगत, "आमी सगळे जीपला धरून होतो म्हणून दादा जित्ता पोचला." खरंच धरून होते. खोटं एक अक्षर नव्हतं. भावोजी मान डोलवत आणि म्हणत, "तर काय! तुमी होतात म्हणून." जाऊबाई चहा ठेवत. हे उठून बाहेर जात. आणि मी कपबश्या अशा आदळत असे की पुढच्या शिमग्याला कान तुटलेल्या कपांतच चहा द्यावा लागे. त्यांच्यातल्या कुणावरही मला पुरतं रागावता आलं नाही, हा माझा खरा राग. वाईट माणसं असती तर मी केव्हाच मोकळी झाले असते.

ह्यांनी पोलादपूरहून ते दोन पाटे आणून पुन्हा बसवले, वर आणखी एकेक घातला. शॉक पिळून कडक केले आणि पुन्हा कधी सैल केले नाहीत. त्यानंतर वाडीतली कितीतरी दुखणी त्या जीपनं खाली गेली, आणि प्रत्येक वेळी प्रत्येक घरचा माणूस चढला. आजाऱ्याला हादरे बसत, पण जीप टेकत नसे. आमच्या घरचा माणूस म्हणून हे होतेच. तरीही भावोजी दर वेळी खाटेवरून विचारत, "आपल्या घरचा कोण चाललाय?" आणि हे "मी हाय, दादा" म्हणत तेव्हाच त्यांचं समाधान होई. जीप एका माणसापुरती मात्र ह्यांनी पुन्हा कधी केली नाही.

भावोजी पुढे काही वर्षं जगले. सुपल्या, कणग्या विणत, पोरांना पाढे म्हणायला लावत, आणि मला चिडवत. मग पाठीला जखमा झाल्या, ताप धरला, आणि एका सकाळी ते गेले. तेव्हाही शिमगाच जवळ होता, माणसं गावात आली होती.

आमच्याकडे माणूस गेला की पायांचे दोन्ही अंगठे एकत्र बांधतात. वाडीतले एक वयस्क गृहस्थ दोरा घेऊन पायाशी बसले. त्यांनी अंगठे जुळवले. तेव्हा हे म्हणाले, "थांबा जरा." ते गृहस्थ बाजूला झाले. हे खाली बसले आणि त्यांनी डावा अंगठा आपल्या दोन बोटांत धरला. त्यांची बोटं नेहमीसारखी तेलानं काळी होती. ते वाकले आणि अगदी हळू बोलले. जाऊबाईंना ऐकू गेलं नसावं, मी शेजारीच होते म्हणून मला गेलं.

"दादा, हलव."

ते अंगठ्याकडे बघत राहिले. मग हात सोडून म्हणाले, "बांधा." बाहेर प्रत्येक घरचा एक माणूस येऊन उभा राहिला होता.